धोतर नेसून विमानात

प्रश्न असा होता की, बाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी धोतर नेसून विमानात बसावे की बसू नये.

मेलकावेरीला एका मराठी घराच्या ओट्यावर, संध्याकाळच्या कॉफीच्या वेळी हा प्रश्न निघाला आणि घरच्या मंडळींनी तो निवाड्यासाठी आमच्यापुढे ठेवला. आम्ही सरकारी नोकरीतले, बदल्यांच्या आणि बैठकांच्या निमित्ताने वरचेवर विमानात बसणारे. तेव्हा या शास्त्रात आम्हांला गती असणार, असा त्यांचा समज. मेलकावेरी ही कुंभकोणमचीच कावेरीकाठची वस्ती. तंजावरला १६७६ साली व्यंकोजीराजांचे राज्य आले आणि १८५५ साली ते संपले. पण त्या राज्याबरोबर आलेली जी घराणी या बाजूच्या गावांतून रुजली, ती राज्य गेल्यावरही राहिली. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात. तिचा हेल तमिळ आहे, काही शब्द आपल्याकडे केव्हाच विझलेले आहेत, आणि पुण्यामुंबईच्या माणसाला ती पहिल्या दिवशी निम्मीच समजते. शेजारी या लोकांना ‘रायर’ म्हणतात. आपल्या ‘राव’चेच ते तमिळ रूप. आमचे हे रायर पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगी सिंगापूरला. तिच्याकडे जाण्याचा हा पहिलाच योग, आणि तिरुचिरापल्लीहून विमान.

मुलाचे म्हणणे, बाबांनी पँट घालावी. सुनेचेही तेच. नातीने तर दुकानात जाऊन मापाची आणूनही ठेवली होती. रायरांचे म्हणणे एका वाक्याचे होते: “मी मुलीकडे निघालो आहे, कचेरीत नव्हे.”

या वाक्याने आम्ही जरा दचकलो, हे कबूल केले पाहिजे. पस्तीस वर्षे हे गृहस्थ पोस्टात पँट घालून बसले. ती पगारासाठी घातली होती. निवृत्तीच्या दिवशी ती उतरवली आणि तो हिशेब तेथेच मिटला, असे त्यांच्या मनात अगदी स्वच्छ होते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या मनात ते इतके स्वच्छ नसावे. आमच्या तर नाहीच.

प्रथम व्यवहाराचा भाग पाहू, कारण घरच्या मंडळींनी वादाला सुरुवात तेथूनच केली. तपासणीला त्रास होईल, असे मुलाचे म्हणणे. वास्तविक विमानतळावरची ती चौकट धातूला बोलते, कापडाला नव्हे. पँटवाल्याचा पट्टा, बकल, चेन, बूट हे सारे तिला हाका मारतात. आठ हाती सुती वेष्टीजवळ तिला सांगण्यासारखे काही नसते. शिवाय आपल्या देशात चौकटीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला, पोशाख कोणताही असो, हात पसरून त्या छोट्या चौथऱ्यावर उभे राहावेच लागते. दूरच्या प्रवासात रक्त पायांत साकळते म्हणून डॉक्टर सैल कपडे घालायला सांगतात. आग लागलीच तर कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, म्हणून सूत किंवा लोकर बरी, हाही जाणत्यांचा सल्ला आहे. या सर्व कलमांत धोतराची बाजू वरचढ ठरते. एकच कलम त्याच्या विरुद्ध जाते: संकटसमयी घसरगुंडीवरून उतरताना घोळ पायात येईल. पण ओचा वर खोवून धावण्याची सवय ज्याला लहानपणापासून आहे, त्याला हे शिकवायला नको. परदेशी तपासणीत सैल वस्त्रावर अधिक हात फिरतो, हे खरे. तेवढा वेळ हाताशी ठेवावा म्हणजे झाले.

स्कॉटलंडच्या किल्टचे उदाहरण येथे मनात येते. तेही कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र. सुमारे आठ वार लोकरीचे, चुण्यांचे आणि वजनदार. लग्नाकार्याला परगावी निघालेला स्कॉच माणूस पुष्कळदा ते अंगावर घालूनच विमानात बसतो, आणि त्याचे कारण अभिमानाइतकेच सामानाचे असते: पेटीत भरले तर वजन वाढते आणि चुण्या मोडतात. मात्र त्याच्यापुढे अडचणी आपल्यापेक्षा जास्त आहेत. पुढे लोंबणारी साखळीची थैली, पट्ट्याचे मोठे बकल, काठाला लावायची पिन, या साऱ्यांनी यंत्र वाजते. आणि मोज्यात खोचायचा जो छोटा सुरा त्या पोशाखाचा भाग समजला जातो, तो विमानात हाताशी नेता येत नाही, सामानात टाकावा लागतो. तो मुकाट्याने टाकतो. सुरा गेला म्हणून किल्ट गेला असे त्याला वाटत नाही. शिखांच्या कृपाणाची गोष्ट वेगळी. तेथे शोभेचा नव्हे, दीक्षेचा प्रश्न आहे. म्हणून आपल्या सरकारने २०२२ साली देशांतर्गत विमानात कृपाण नेण्यास मुभा दिली, पण पाते १५.२४ सेंटिमीटरपेक्षा आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, अशी मर्यादा घालून. पोशाखात सोडण्याजोगे काय आणि न सोडण्याजोगे काय, याचा विचार प्रत्येकाला करावा लागतो, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

व्यवहाराची बाजू अशी लंगडी पडल्यावर मुलाने हक्काची बाजू पुढे केली. म्हणजे ‘अडवले तर?’ अशी भीती घातली. या भीतीला या प्रांतात आधार नाही असे नाही. ११ जुलै २०१४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन एका पुस्तकप्रकाशनासाठी चेन्नईच्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात गेले असता, वेष्टी नेसले आहेत म्हणून त्यांना दारातून परतवण्यात आले. आपल्या मुंबईतही १९८८ साली चित्रकार हुसेन अनवाणी आहेत म्हणून विलिंग्डन क्लबाने त्यांना आत घेतले नव्हते. पण मुंबईत त्यावर चर्चा झाली. तमिळनाडूत कायदा झाला. त्याच ऑगस्टमध्ये तेथील विधानसभेने ठरवले की, वेष्टी किंवा अन्य कोणताही भारतीय पारंपरिक पोशाख केवळ पोशाख म्हणून प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकणार नाही. नाकारील त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि २५,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे वेष्टीच्या आडोशाने आपले दुटांगी धोतरही त्या कायद्याच्या छत्राखाली आले, याची आपल्याकडे फारशी कोणाला खबर नाही.

परंतु क्लबाचा द्वारपाल आणि विमानतळावरचा जवान यांत फरक आहे. द्वारपाल तुमच्याकडे पाहून ठरवतो की तुम्ही आतल्या लोकांपैकी नाही. जवान काहीच ठरवत नाही. तो फक्त पाहतो, आणि सर्वांना पाहतो. पहिला पोशाखाचा अपमान करतो, दुसरा पोशाखाची चौकशी करतो. चौकशीला अपमान समजणारा माणूस आपला पोशाख इतरांच्या सुरक्षिततेपेक्षा मोठा समजतो. तेव्हा हक्काची भाषा येथे उपयोगाची नाही. येथे कोणी रायरांना अडवणार नव्हते. अडवत होते ते त्यांच्याच घरचे.

आता रायरांची बाजू. त्यांनी कॉफीचा दावरा खाली ठेवला आणि सांगितले की, आमच्या गावचा रामानुजन पँट घालून गेला, त्याचे काय झाले ते ठाऊक आहे ना? हा युक्तिवाद काही खरा नव्हे, पण त्यातली वेदना खरी आहे. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या शारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या लहानशा घरात वाढले. १७ मार्च १९१४ रोजी ते मद्रासहून बोटीने निघाले, त्यापूर्वी त्यांची शेंडी उतरवण्यात आली आणि साहेबी कपडे अंगाला लावून घ्यावे लागले. शेंडी गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. केंब्रिजला बूट पायांना चावत म्हणून ते सपाता घालून हिंडत. मात्र शाकाहार त्यांनी सोडला नाही; महायुद्धाच्या टंचाईतही स्वतः रांधून खात राहिले. शेंडी दिली, जेवण दिले नाही. त्यांची रेघ तेथे होती.

आपल्याकडे हीच गोष्ट त्याच्याही एकतीस वर्षे आधी घडली, आणि तीही पोस्टातल्याच घरात. गोपाळराव जोशी पोस्टातले. बदलीमागून बदली झेलत कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज असे करीत बंगालपर्यंत पोहोचलेले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेस निघाल्या, तेव्हा हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भर सभेत सांगितले. साडी सोडली नाही. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात, हे दिसताच त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. वस्त्र राखले, नेसण बदलले. यात तडजोड झाली असे म्हणणाराला आम्ही एवढेच विचारू की, त्याने फिलाडेल्फियाचा एक तरी जानेवारी पाहिला आहे काय?

येथवर आल्यावर ‘आपला पोशाख’ हे शब्द तोंडात सहज येऊ लागतात, आणि नेमके तेथेच थांबले पाहिजे. कुंभकोणमचेच आणखी एक मराठी नाव आठवते: सर टी. माधवराव. जन्म येथला, १८२८ चा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले. बदलीवर राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांचे ते आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही. तिरुवनंतपुरमला त्यांचा पुतळा आहे, पागोट्यासह. ते त्रावणकोरचे दिवाण असतानाच, १८५९ साली, शाणार स्त्रियांना छाती झाकण्याची मुभा देणारा जाहीरनामा तेथे निघाला. त्यासाठी त्या स्त्रियांनी कित्येक वर्षे मार खाल्ला होता, त्यांची लुगडी रस्त्यात फाडली गेली होती. आणि मुभा मिळाली तीही अशी की, झाका, पण वरच्या जातींच्या स्त्रिया झाकतात तसे नको! म्हणजे ज्या देशात दिवाणाचे पागोटे हा मान होता, त्याच देशात दुसऱ्या कोणाची उघडी छाती हाही ‘परंपरागत पोशाख’च होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉक्टर आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, लुगडे आखूड नेसू नका, पांढरपेशा बायका नेसतात तसे नेसा, आणि जात ओळखू येईल असे दागिने टाका. ते स्वतः आयुष्यभर सूट घालून वावरले. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला पंचा स्वीकारला आणि १९३१ साली तो बादशहाच्या राजवाड्यातही नेला. त्यात मोठेपणा आहेच. पण पंचा स्वीकारायला तो आधी कोणी लादलेला नसावा लागतो. ज्याच्या आजोबाला धोतर गुडघ्याखाली सोडण्याची बंदी होती, त्याने सूट घालून विमानात बसावे यात एक फार मोठा प्रवास झालेला असतो, आणि त्याला धोतराचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार आम्हां कोणालाच नाही. रायरांच्या घरी आम्ही हे बोललो नाही. बोलायला हवे होते, असे आता वाटते.

तेव्हा परंपरेच्या अभिमानावर हा वाद जिंकता येत नाही. अभिमानाचे वस्त्र लवकरच वेषांतर होते, याची साक्ष पुन्हा किल्टच देतो. १७४६ साली इंग्रजांच्या पार्लमेंटाने हायलंडरांच्या पोशाखावर बंदी घातली: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. फक्त राजाच्या पलटणीतल्या शिपायांना सूट. याच हायलंडर पलटणी पुढे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर उभ्या होत्या. बंदी १७८२ साली उठली, पण दरम्यान एक पिढी तो पोशाख विसरली होती. आणि १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा तो स्थूल इंग्रज राजा स्वतःच किल्ट घालून, खाली मांसाच्या रंगाचे मोजे चढवून दरबारात उभा राहिला; सर वॉल्टर स्कॉटने सारा सोहळा बसवला होता. ज्या सखल मुलखातल्या शिष्टांच्या वाडवडिलांनी किल्टला रानटी म्हटले होते, तेही त्या आठवड्यात शिंप्याकडे धावले. त्यानंतर किल्ट हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख झाला. म्हणजे रोज घालण्याचा राहिला नाही.

आम्ही परप्रांतातले मराठी अधिकारी या राजाहून फार वेगळे नाही. गणेशोत्सवाच्या पहिल्या दिवशी मंडळाच्या सभागृहात आम्ही धोतर नेसतो. ते बहुधा शिवलेले असते, एका बाजूला खिसा आणि आत नाडी असलेले. फोटो निघतात. दुपारी आरतीनंतर ते उतरवून आम्ही मोकळे होतो, आणि त्या मोकळेपणाला सुटका म्हणतो. असे धोतर नेसून आम्ही विमानात बसलो तर तो जॉर्जचाच किल्ट. रायरांचे धोतर तसे नव्हते. ते त्यांनी सकाळी कावेरीवर जाताना नेसलेले होते, ओट्यावर बसताना नेसलेले होते आणि रात्री तेच सैल करून ते निजणार होते. त्याने कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. विमान हे त्यांच्या लेखी मुलीच्या घराचा लांबलेला ओटा होता.

मग घरच्यांचा विरोध कशासाठी? येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या सोडवणे फार कठीण. एक काळजी आणि दुसरी लाज. ‘बाबांना कोणी हसू नये’ ही काळजी. ‘बाबांकडे पाहून आम्हांला कोणी हसू नये’ ही लाज. दोन्ही वाक्ये तोंडातून निघताना एकाच रूपात निघतात: ‘बाबा, तुमच्याच सोयीसाठी सांगतो.’ रायरांच्या मुलाच्या मनात यांपैकी काय होते, हे ठरवण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्या स्वतःच्या मनात एकदा काय होते, ते मात्र सांगू शकतो.

आमची बदली उत्तरेत झाली होती. वडिलांना प्रथमच विमानाने आणायचे होते. त्यांनी जन्मभर धोतर, सदरा आणि काळी टोपी याशिवाय काही घातले नव्हते. आम्ही तिकिटासोबत एक विजार पाठवली आणि ‘तिकडे थंडी असते’ असे कळवले. मे महिना होता. ते विजार घालून उतरले. स्वागताला आमच्या कचेरीतले दोघे आले होते. त्यांच्यासमोर आम्हांला बरे वाटले, हे येथे लिहून ठेवतो. गाडीत बसल्यावर त्यांचा हात दोनतीनदा कमरेशी गेला, निरी चाचपायला, आणि पट्ट्याला लागून परत आला. घरी पोहोचताच त्यांनी धोतर नेसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विजार नीट घडी करून त्यांनी आमच्या कपाटात, आमच्या कपड्यांत ठेवली आणि म्हणाले, “ही तुझी.” त्यात राग नव्हता. परतीचा प्रवास त्यांनी आगगाडीने केला; आग्रह त्यांचाच होता.

हे सारे ओट्यावर बसल्या बसल्या आठवत होते, आणि तरीही आमच्या तोंडून निवाडा पडला तो असा: “रायर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पँट घाला. रांगेतल्या लोकांना खोळंबा नको.” अधिकारी माणूस अडचणीत सापडला की रांगेतल्या लोकांचे नाव घेतो. मुलगा खूष झाला. नातीने पँटची पिशवी पुढे सरकवली. रायर थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी विचारले, “तुम्ही विमानात नेहमी पँट घालता. रांग खोळंबत नाही?”

खोळंबते. आमचा पट्टा काढायचा असतो, बूट काढायचे असतात, लॅपटॉप बाहेर ठेवायचा असतो, खिशातल्या किल्ल्या तर आम्हांला चौकटीत शिरल्यावरच आठवतात. आम्ही गप्प बसलो. सुनेने कॉफी पुन्हा आणली आणि बोलणे महामाघाच्या २०२८ च्या गर्दीकडे वळले.

पंधरा दिवसांनी सिंगापूरहून त्यांचा फोन आला. धोतर नेसूनच गेले होते, हे सांगायची त्यांना आवश्यकता वाटली नाही, आम्ही ओळखले. यंत्र वाजले, म्हणाले. आम्हांला वाटले, झाले आमचे म्हणणे खरे! पण कमरेच्या गुंडाळीत त्यांची चुन्याची डबी राहिली होती, ती वाजली. जवान तरुण होता, कुठला उत्तरेकडचा. त्याने डबी उघडून पाहिली, हसला, हिंदीत काही बोलला. ते यांना कळले नाही, पण त्याने डबी दोन्ही हातांनी परत दिली. विमानात मात्र पायांना फार गार लागले. वारा खालून येतो, म्हणाले, आणि कांबळे मागायचे असते हे ठाऊक नव्हते. परतताना बंदोबस्त केला आहे: मुलीने तेथल्या दुकानातून आतून घालायची लोकरीची लांब विजार आणली आहे.

“आतून,” त्यांनी पुन्हा बजावले, “वरून धोतरच.” आणि नातीने आणलेली ती पँट वाया जाऊ नये म्हणून आम्हांला लांबीला होते का, ते मेलकावेरीला जाऊन पाहून यायला सांगितले.